मुरूम सुधाकरचे, डाग खाप्याच्या साडीला

"हे पाहा," म्हणत तुळशीरामकाकांनी काउंटरवर साडी उलगडली. "तुमी शिकलेले मानसं. सांगा मले, याले कच्चा रंग म्हणतेत काय?"

ते आले होते डोकेदुखीचा बाम घ्यायला. बामाची डबी तशीच बाजूला पडून राहिली. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या मेडिकल स्टोअर्सचे मालक बाबूरावजी यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पदर उजेडात धरला. दाट वांगी रंग, लाल काठ, हातमागाचं सफाईदार काम. पण पदरापासून हातभर अंतरावर बोटाएवढे, अंगठ्याएवढे फिके डाग. मळकट नव्हेत, तेलकट नव्हेत. तिथला रंगच कोणीतरी चाटून घेतल्यासारखा.

तुळशीरामकाका नागपूरजवळच्या खापा गावचे विणकर. सूत घरीच रंगवायचे, घरच्याच मागावर विणायचे आणि माल आमच्या समोरच्या शेठजींच्या साडीच्या दुकानात द्यायचे. वर्षानुवर्षांचा व्यवहार. त्या सकाळी शेठजींनी भरल्या दुकानात गठ्ठा त्यांच्या पुढ्यात टाकला. म्हणाले, रंग कच्चा आहे, माल वापस ने, लग्नसराईसाठी सांगितलेल्या साड्याही विणू नको.

"साड्या वापस आल्या त्याचं काही नाही," काका म्हणाले. "पन इतवारीत एकदा बोंब झाली का खाप्याच्या तुळशीरामचा रंग उडते, तं दुसरा कोनी दारात उभा करन काय? माह्या बापानं शिकवलेला रंग आहे हा. आता मागावर कबुतरं बसतीन."

बाबूरावजी हळहळत होते. मी काउंटरच्या आत गप्प उभा होतो. एरवी मी गप्प राहणारा माणूस नव्हे. पण तो डाग माझ्या ओळखीचा होता. अगदी घरचा होता म्हणा ना.

आता हा डाग माझ्या घरचा कसा, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. फार्मसीचा डिप्लोमा घेऊन मी बाबूरावजींकडे नवा लागलो होतो. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या आमच्या गल्लीत औषधांचं शिकलेला मी पहिलाच. त्यामुळे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचा प्रकाश औषधाचा डाक्टर आहे." दुकानातली गिऱ्हाइकं मला कंपाउंडर म्हणायची. खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतं. पण मी मनातून आईच्या बाजूला होतो.

शेठजींच्या दुकानात सुधाकर नावाचा सेल्समन होता. विशीतला, उंच, सडपातळ. साडीच्या दुकानात सेल्समन काय करतो हे बायकांना सांगायला नको, पुरुषांसाठी सांगतो. नुसती घडी उलगडून साडी विकली जात नाही. ती अंगावर कशी पडेल ते दिसावं लागतं. म्हणून सेल्समन पँट-शर्टावरच ती कमरेला गुंडाळतो, निऱ्या काढतो, पदर खांद्यावर टाकतो, काठ हनुवटीखाली धरतो आणि आरशापुढे उभा राहतो. सुधाकर यात उस्ताद होता. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायका "त्या लंबू पोराले बोलवा" म्हणून अडून बसायच्या.

आणि याच सुधाकरच्या चेहऱ्यावर मुरूम उठले. कपाळावर थोडे, गालांवर थोडे आणि हनुवटीवर भरघोस. एक दिवस तो रुमालाने तोंड झाकून आमच्याकडे आला.

"प्रकाशभाऊ, काही दे ना गा. मी पदर घेतला का पोरी साडी नाही पाहत, माहे मुहासे पाहतेत. काल एक म्हणे, साडी चांगली आहे, पन याच्यावरची बुट्टी नको."

मी त्याचा चेहरा उजेडात फिरवून पाहिला. हा भाग वाचकांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तरुणपणी त्यांना फार उत्साह येतो. ते तेल आणि मेलेली कातडी मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं, आत जंतू वाढतात आणि पुटकुळी येते. तेलकट खाण्याने, पापाने किंवा चावट विचारांनी ती येत नाही. तसं असतं तर आमच्या वर्गातल्या काहींचे चेहरे पाहवले नसते.

बाबूरावजींचा एक नियम होता. बारीक पुटकुळ्या, काळी टोकं, एखाददुसरा पिकलेला मुरूम एवढंच असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं, वरून लावायचं औषध द्यायचं. पण आत दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडत असतील, तर बाटलीला हात लावायचा नाही, सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. सुधाकरचं प्रकरण पहिल्या जातीचं होतं. म्हणजे माझ्या हक्काचं.

मी त्याला गंधकाचं लोशन दिलं. तेव्हा अशी लोशनं आम्ही दुकानातच खलात घोटून बाटलीत भरत असू. औषध जुनं आणि गुणाचं. फक्त गंधकाला स्वतःचा एक वास असतो. सडक्या अंड्याच्या फार जवळचा.

दोनेक दिवसांनी सुधाकर पुन्हा हजर.

"प्रकाशभाऊ, शेठजीनं सकाळपासून दुकानामागची नाली तीनदा धुवून घेतली."

"मग?"

"मग काय? वास नालीतून नाही, माह्या तोंडावरून येऊन राहिला, हे त्यायले कोन सांगन?"

असा माझा पहिला विजय झाला. मग मी नव्याकडे वळलो. त्याच सुमारास बेंझॉईल पेरॉक्साइडचं क्रीम ट्यूबमध्ये यायला लागलं होतं. नाव लांब, काम सरळ. ते जंतू मारतं आणि छिद्राचं बूच सैल करतं. वास नाही, चेहऱ्यावर दिसत नाही. मी सुधाकरला नीट समजावलं. साध्या साबणाने तोंड धुवायचं, पुसून कोरडं करायचं, पातळ थर लावायचा, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडेला नाही. सुरुवातीला जळजळेल, कातडी थोडी सुटेल, घाबरायचं नाही. फार झालं तर एक दिवस आड लावायचं. गुण यायला काही आठवडे लागतात. मुरूम फोडायचे नाहीत.

बाबूरावजी पलीकडून म्हणाले, "रात्री लावाले सांग. सकाळी धुऊन टाकाचं."

मी तोऱ्यात होतो. "सकाळीही लाव," मी सुधाकरला सांगितलं, "दुकानात जाण्याआधी. लवकर फरक पडेल."

फरक पडला. महिनाभरात हनुवटी निवळली. सुधाकर समोसे घेऊन आला. बाबूरावजींनी एक समोसा खाल्ला आणि दुसराही उचलला, ही त्यांची शाबासकी. आता मीही तेव्हा तरुणच होतो आणि माझा गालही काही संगमरवरी नव्हता. मी त्याच क्रीमची एक ट्यूब घरी नेली.

थोड्याच दिवसांत माझ्या उशीच्या निळ्या खोळीवर पांढरे ढग उमटले. आईने मला विचारलं. मी धोब्याला विचारलं. विचारलं म्हणजे झापलं. "सोडा जास्त घालतोस," मी म्हणालो, आणि सोडा म्हणजे क्षार, क्षार म्हणजे काय, कापडाच्या धाग्यावर त्याचा परिणाम काय, यावर त्या बिचाऱ्याला आमच्या ओट्यावर उभं करून व्याख्यान दिलं. तो शपथा घेत होता. गल्लीतले लोक ऐकत होते. आईला फार अभिमान वाटला.

तर तोच डाग आता काउंटरवर पसरला होता. खोळीवर जिथे माझा गाल टेकायचा तिथे, आणि साडीवर जिथे सुधाकरची हनुवटी टेकायची तिथे. पेरॉक्साइड रंग उडवतं. बायका केस भुरे करायला वापरतात ते याच्याच भाऊबंदातलं. हे मी कॉलेजात लिहून चांगले मार्क मिळवले होते. परीक्षेत आठवलेलं काउंटरवर आठवेलच असं नाही, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

मी बाबूरावजींना खुणेने मागे, कपाटांच्या आड बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मंग सांग त्यायले."

"मी?"

"ट्यूब कोनं देल्ली? मी? मी तं रात्री लावाले सांगत होतो."

"बाबूरावजी, सुधाकरची नोकरी जाईल हो. आणि लोक आपल्याच दुकानाला नावं ठेवतील."

"अबे, बाहेर एका मानसाचं नाव डुबून राहिलं. तू आपल्या नावाचं काय घेऊन बसला? चाल. बोलता नाही आलं तं मी मागे उभा आहो."

त्यांनी एवढं म्हटलं नसतं, तर मी बामाची डबी देऊन काकांना बसस्टँडचा रस्ता दाखवला असता. मला माझी चांगली ओळख आहे.

मी बाहेर येऊन सांगितलं. क्रीम, हनुवटी, पदर, सगळं. काकांनी डागावर बोट ठेवलं.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "माह्या बापाचा रंग त्या लंबू पोराच्या मुहाश्यांनी खाल्ला?"

"मुरमांनी नाही काका. मुरमांच्या औषधाने."

"आन् औषध तुह्यं."

"हो."

"तरी म्हनलं, हे पोरगं इतका वेळ मुकं काहून आहे!"

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी साडीची घडी घातली आणि म्हणाले, "चाल मंग. हेच शेठजीले सांग."

दुपारची वेळ होती. उन्हाने रस्ता ओस पडला होता. बाबूरावजींनी शटर अर्धं ओढलं आणि आम्ही तिघे समोर गेलो. शेठजी गादीवर, मरून रंगाच्या लोडाला टेकून बसले होते. खसाचा कूलर घरघरत होता. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आले असले तरी शेठजी आमच्यापेक्षा पक्के नागपूरकर.

"या बाबूरावजी. कच्च्या रंगाची वकिली कराले आले का?"

मी बोललो. सगळं बोललो. खालच्या घड्या, ज्या सुधाकरने अंगावर घेतल्याच नाहीत, त्या पाहा, त्यांच्यावर डाग नाहीत. छापील साड्यांवर पडले असतील, पण ते नक्षीत लपतात. एकरंगी आणि गडद असतात खाप्याच्या, म्हणून तिथेच उठून दिसतात.

शेठजींनी सुधाकरला हाक मारली. तो एक शालू गुंडाळलेल्या अवस्थेतच आला.

"काय बे, तोंडाले काय लावतं तू?"

सुधाकरने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"दवाई, शेठजी. मुहाश्याची. प्रकाशभाऊनं दोनदा लावाले सांगतली."

"दोनदाच लावतं?"

"दुपारी... मधात थोडीशी. जेवल्यावर." मग एकदम रडवेला होऊन, "शेठजी, मले काढू नका!"

"तुले काढून साड्या काय मी नेसू?" शेठजी म्हणाले. "चूप ऱ्हाय." आणि माझ्याकडे वळले. "पाहा कंपाउंडरसाहेब. मलम तोंडाचं आहे. तोंडाची कातडी नाही जळली आन् सुताचा रंग जळला, हे मी कसं मानू? हा माहा लोड. खोळ नवी आहे, मिलची, पक्क्या रंगाची. लावा याले तुमचं मलम. रंग गेला तं मी मानतो. नाही गेला तं तुमी आपल्या गोळ्या मोजा."

मी येताना खिशात टाकलेली ट्यूब काढली, लोडाच्या वरच्या अंगाला चांगलं बोटभर क्रीम चोळलं आणि आम्ही बसलो.

चहा आला. चहा संपला. लोडाचा रंग होता तसाच. मी वाकून पाहत होतो, सुधाकर वाकून पाहत होता, शालू नेसलेला. शेठजी मजेत होते. पेरॉक्साइडला रंग खायला वेळ लागतो आणि ऊब लागते. ऊब जितकी जास्त, तितकं काम लवकर. आणि मी प्रयोग मांडला होता कूलरच्या तोंडाशी. माझ्या शास्त्राचा हा दुसरा विजय.

"मलम जिरलं," शेठजी म्हणाले, "रंग आहे." आणि त्याच लोडाला ऐसपैस टेकले.

तुळशीरामकाका उठले. गठ्ठा खांद्यावर घेतला. "ऱ्हाऊ द्या," ते मला दारात म्हणाले. "तू तोंड उघडलं, तेवढं लय झालं. बाम तं दे आता. बस आहे माही."

मी बाम दिला. ते नजरेआड होईपर्यंत मी उभा होतो. दुसऱ्या कोणाच्या दुकानात ते गेले नाहीत, सरळ बसस्टँडकडे वळले. दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची त्यांची छाती झाली नाही, हे मला मागून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या दुकानासमोर गडबड झाली. सुधाकर रस्ता ओलांडून पळत येत होता. अंगावर हिरवी साडी, पदर वाऱ्यावर, हातात निऱ्या. एक रिक्षावाला थांबून त्याच्याकडे पाहतच राहिला.

"प्रकाशभाऊ! चला! लोड!"

आम्ही धावलो. झालं होतं असं. शेठजी संध्याकाळपर्यंत आणि पुन्हा सकाळपासून त्या लोडाला टेकून बसले होते. कूलरने जे अडवलं होतं, ते शेठजींच्या पाठीने पुरं केलं. दुपारी कळमेश्वरची मंडळी बस्ता बांधायला आली. शेठजी गल्ल्याकडे वाकले आणि मागचा लोड उघडा पडला. मरून खोळीवर मोठा फिका नारिंगी डाग. मंडळींतल्या आजीबाई म्हणाल्या, "अवं बाई, लोडाचाच रंग उडला याइच्या! मंग साड्याइचं काय होत असन वं?"

सगळी मंडळी घडी टाकून उठायला लागली होती. आम्ही पोचलो तेव्हा शेठजी त्यांना समजावत होते. "रंग कच्चा नाही हो माय, त्याले मलम लागलं!" आणि कोणी मानत नव्हतं. "लोडाले मलम काहून लावता?" आजीबाई विचारत होत्या. प्रश्न बिनतोड होता.

मग मीच पुढे झालो. ट्यूब दाखवली, सुधाकरची हनुवटी दाखवली, सगळा किस्सा सांगितला. माझीच फजिती मी इतकी रंगवून पहिल्यांदाच सांगत होतो. मंडळी हसली आणि पुन्हा खाली बसली. आपली फजिती रंगवून सांगायची सवय मला तिथून लागली ती आजपर्यंत सुटलेली नाही.

मंडळी गेल्यावर शेठजी बराच वेळ खोळीवरून हात फिरवत राहिले. मग बाबूरावजींना म्हणाले, "तुळशीरामले निरोप द्या. माल घेऊन ये म्हनाव."

"तुमाले चार मानसांत कोनी कच्चा म्हनलं तं घडीभरात घाम आला," बाबूरावजी म्हणाले. "त्याले काल म्हनलं तुमी."

बाबूरावजी मला म्हणाले, "उद्या दुकानात येऊ नको. खाप्याले जा."

मी सकाळच्या बसने गेलो. विणकरांच्या गल्लीत मागांचा खटखटाट चालू होता. तुळशीरामकाकांच्या घरातून मात्र आवाज नव्हता. अंगणात चूल पेटली होती. मोठ्या भांड्यात पाणी उकळत होतं आणि काका काठीने त्यात सूत ढवळत होते. बाजूच्या दोरीवर सुताच्या ओल्या लडी लटकत होत्या. वांगी, लाल, हिरव्या. 

"काय करता काका?"

"पाहून राहिलो. साबनात उकळलं, सोड्यात उकळलं. रंग सुटत नाही. मंग साडीवर काहून सुटला?"

"मी सांगितलं होतं ना, क्रीममुळे..."

"तू सांगतलं तवा खरं वाटलं गा. पन बसमंधी बसलो आन् वाटलं, पोरगं भलं आहे, आपलं मन राखून राहिलं. माहाच हात चुकला असन."

मला वाईट वाटलं ते इथे. शेठजींनी त्यांचा रंग कच्चा ठरवला होता, पण दोन दिवसांत तो त्यांनी स्वतःही कच्चा ठरवला होता. इतक्या वर्षांच्या हातावरचा विश्वास बोटभर क्रीमने उडाला होता.

मी त्यांना लोडाची गोष्ट सांगितली. शेठजींची पाठ, कळमेश्वरच्या आजीबाई, "लोडाले मलम काहून लावता" सकट. काका आधी नुसते ऐकत होते. मग हातातली काठी भांड्यात सुटली आणि ते मट्कन ओट्यावर बसून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. धूर होता चुलीचा, असं आपण म्हणू.

आतून काकू आल्या. "हाच काय तो मलमवाला?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "परवापासून या मानसानं घास नाही घेतला. त्याचं काही मलम आहे काय तुह्याजवळ?"

मी म्हणालो, नाही.

"मंग बस. जेवून जा. तुले पाहून तरी हे जेवतीन."

भाकर, वांग्याची भाजी, वर तेल आणि कांदा. वांगी रंगाच्या भानगडीत वांग्याचीच भाजी, असं म्हणून काका पुन्हा हसले. काकूंनी मला आग्रहाने वाढलं आणि प्रत्येक वाढण्याबरोबर एकेक टोमणाही वाढला. माझ्या चुकीने ज्यांच्या घरची चूल दोन दिवस सुताखाली जळली, त्यांच्या पंगतीला मी पोटभर जेवलो. उठताना काकांनी एकच अट घातली.

"माल आनतो. पन शेठजीनं ज्या आवाजात म्हनलं, त्याच आवाजात वापस घेतलं पायजे. कानात नाही."

ते गठ्ठा घेऊन आले त्या दिवशी शेठजींचं दुकान भरलेलं होतं. आम्ही आमच्या काउंटरवरून पाहत होतो. शेठजी गादीवरून उठले. काकांचा गठ्ठा स्वतः खाली उतरवून घेतला, वरची साडी झटकन उलगडली आणि आवाज चढवून बायकांना म्हणाले, "पाहा माय, हा खाप्याच्या तुळशीरामचा रंग. धुवा, उकळा, उन्हात टाका, जानार नाही. हा रंग घालवाले समोरच्या मेडिकलमधून मलम आनावं लागते!"

काकांनी रस्त्यापलीकडे आमच्याकडे पाहिलं आणि पागोट्याला हात लावला. तेवढंच.

शेठजी व्यापारी माणूस. एकदा बोललेलं वाक्य बायकांना आवडलं म्हटल्यावर ते त्यांनी सोडलं नाही. पुढे कित्येक लग्नसराया ते हेच वाक्य म्हणत राहिले आणि काकांचा माल इतवारीत वांगी रंगावरून मागितला जाऊ लागला. डागाच्या साड्या शेठजींनी पुन्हा वापस केल्या नाहीत. त्या साड्यांच्याच लोडांना खोळी शिवून घेतल्या. आमच्या दुकानाची जाहिरात झाली ती फुकट, फक्त लोक मुरमांच्या ऐवजी शाईचे डाग काढायला ट्यूब मागायला लागले. त्यांना मी हात जोडून वापस पाठवायचो.

सुधाकरची नोकरी राहिली. औषधही राहिलं, पण बाबूरावजींच्या सांगण्याप्रमाणे. रात्री झोपताना पातळ थर, सकाळी धुऊन साफ, टॉवेल पांढरा, उशीची खोळ पांढरी. साडी दाखवताना हनुवटीखाली मलमलचा पांढरा रुमाल. बायकांना वाटायचं ही दुकानाची ऐट आहे. काही दिवसांनी आजूबाजूच्या दोन दुकानांतले सेल्समनही तसा रुमाल लावायला लागले, त्यांच्या तोंडावर मुरूम नसताना.

धोब्याची मी माफी मागितली, त्याच ओट्यावर, गल्ली ऐकत असताना. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि क्षार म्हणजे काय ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आज मागे वळून पाहतो तेव्हा या माणसांचं देणं आठवतं. बाबूरावजी मागे उभे राहिले म्हणून मला तोंड उघडता आलं. सुधाकरने पुन्हा माझ्याच हातून औषध घेतलं. तुळशीरामकाकांनी मला एकदाही चुकलास म्हटलं नाही, आणि काकूंनी ते दहादा म्हटलं पण जेवू घालून म्हटलं. नव्या माणसाची पहिली मोठी चूक अशा लोकांच्या हाती पडावी लागते. नाहीतर तो दुसरी चूक लपवायला शिकतो.

बाकी धंद्यातला धडा छोटा आहे. वरून लावायचं औषध एका माणसाच्या चेहऱ्यावर राहत नाही. तो माणूस जिथे जिथे तोंड लावतो तिथे ते जातं. म्हणून त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला "काय त्रास आहे?" विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारतो, "काम काय करता?"

एकदा एक पोरगा म्हणाला, "सध्या काहीच नाही, रिकामाच आहो."

त्याला मी निर्धास्त ट्यूब दिली, आणि सांगितलं, बाबू, दुसऱ्याच्या लोडाला टेकू नको.